म्हशीच्या वेगाने सायकल

फार फार वर्षांपूर्वी, जनावरं बोलायची त्या काळात, एका राज्यात सायकली होत्या. कशा आल्या ते तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणून आपणही विचारू नये.

दर पाडव्याला राजा घाटाची शर्यत लावायचा. नियम दोनच. घाटमाथ्यावर जो पहिला पोचेल त्याला हार. आणि जो सलग दोन वर्षं शेवटचा येईल त्याची सायकल चिंचेला टांगायची, कायमची. चिंचेवर अकरा सायकली झाल्या होत्या. चिमण्या खूश होत्या.

सगुणा गेल्या पाडव्याला शेवटची आली होती. म्हणून यंदा थंडी पडताच ती रोज तीनदा घाट चढू लागली, जीव तोडून. पौषात तिचे पाय इतके भरून आले की घराची पायरी चढतानाही ती भिंतीला धरायची. एक दिवस चढावरच बसली आणि रडू लागली.

शेजारी एक म्हातारी म्हैस चरत होती.

"कोण मागे लागलंय गं तुझ्या?"

"कुणी नाही. तयारी करतेय."

"कशाची, मरायची? उद्यापासून माझ्याबरोबर ये. मी चालेन, तू सायकल चालव. गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना दम लागला, तर समज चुकलीस."

पहिल्या दिवशी सगुणा सात वेळा पडली. इतकं हळू चालवणं सोपं नसतं. मग जमलं. दोघी सपाटीवरून मैलोन् मैल जायच्या. दर चौथ्या दिवशी म्हैस डबक्यात बसायची.

"आज काय करायचं?"

"रवंथ."

"मला येत नाही."

"मग नुसती बस."

गेल्या वर्षीचा विजेता हैबत तापातसुद्धा घाट चढायचा. जाताना ओरडायचा, "सगुणाबाई, शेपटीला बांधून घ्या! म्हैस ओढेल तरी!"

होळी झाली तशी म्हैस म्हणाली, "आता घाट चढ. आठवड्यातून दोनदा, जोरात. बाकी दिवस तेच." आणि पाडव्याच्या आधी ती न सांगताच कुठेतरी निघून गेली.

शर्यत सुटली. सगुणा सवयीने बोलत बोलत चढली. वाटेत धापा टाकणाऱ्या एका काकांना गाठून म्हणाली, "काका, गुडघा बरा आहे ना?" काकांकडे उत्तराएवढा दम नव्हता. अर्ध्या घाटात हैबत एका झाडाला मिठी मारून उभा होता.

"हैबतदादा, उतरताना नेते हं तुम्हाला."

सगळ्यांना मागे टाकून ती माथ्यावर पोचली, तर रेषेवर म्हैस बसलेली.

"तू कधी आलीस?"

"आत्ताच. चार दिवसांपूर्वी निघाले होते."

राजाने नियम पुन्हा वाचले. कधी निघायचं हे त्यांत कुठेच नव्हतं. हार म्हशीला मिळाला. तिने तो तिथेच खाल्ला.

सगुणा दुसरी आली आणि तिची सायकल वाचली. राजा म्हणाला, "पोरी, उद्यापासून आमच्या शिपायांना शिकव."

"परवापासून, महाराज. उद्या बसायचा दिवस आहे."

पुढच्या थंडीत म्हशीमागे दोन सायकली होत्या. हैबत पहिल्या दिवशी नऊ वेळा पडला.

तात्पर्य: जो वेळेवर हळू चालतो आणि वेळेवर बसतो, त्याचा दम घाटमाथ्यापर्यंत पुरतो.