भोपळ्यातली टकटक

फार फार पूर्वी, जिथे गाडीवाट संपून नुसती पायवाट उरते अशा एका डोंगराच्या कुशीत, तंबोरे घडवणाऱ्यांचं एक गाव होतं. आणि त्या गावात एक करडी मांजर होती. ती सगळ्या गावची होती आणि कोणाचीच नव्हती. लोक तिला भुरी म्हणत. तिच्याशी गावाचा संबंध एवढाच, की ती आडवी गेली की लोक थांबत.

नुसते थांबत नसत. त्या गावाची रीतच वेगळी होती. कामाला निघताना मांजर आडवी गेली, तर ती दिशा त्या दिवसापुरती बंद. मागे फिरायचं, घरी येऊन पाणी प्यायचं आणि दुसऱ्या दिशेचं काम काढायचं. ही रीत कोणी घालून दिली हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

गावाच्या मंडपात एक थोरला तंबोरा होता. माणसाहून उंच, रंगाने काळपट, आणि आवाज असा की छेडला की झाडावरची पाखरं गप्प होत. दर पाडव्याला गावातले सगळे नवे तंबोरे त्याच्यासमोर आणायचे आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्या आवाजाशी जुळवायचा. तो जुळला की नाही हे एकच माणूस सांगे. त्याला गावकान म्हणत. गावकानाने मान हलवली, तरच तंबोरा गावाबाहेर जाई. त्या वेळचे गावकान होते रखमाजी नाना. तीस वर्षं त्यांनी मान हलवली होती, आणि तीस वर्षांत त्यांचा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता.

थोरल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर, तारांखाली, चार बोटं लांबीची हाडाची एक पट्टी असे. तिला घोडी म्हणतात. तारा तिच्यावरून जातात आणि आवाजाचा सगळा गोडवा तिच्या पाठीवर तोललेला असतो. ती घासून, नीट करून बसवायचं काम हौसाआत्याचं. आत्या एकटी राहायची. सगळी हयात तिने कानस आणि रेशमाचा दोरा याशिवाय हातात काही धरलं नव्हतं.

त्या वर्षी पाडव्याच्या चार दिवस आधी आत्याने घोडी काढली, पुसली, मंडपाच्या खिडकीत वाळत ठेवली आणि दोरा आणायला घरी गेली. परत आली तेव्हा खिडकी रिकामी होती.

गाव हादरलं. नानांनी सगळ्यांना मंडपात बोलावलं.

"शेवटी घोडी कोणाच्या हातात होती?" नानांनी विचारलं.

"माझ्या," आत्या म्हणाली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "पाडव्याच्या सकाळपर्यंत घोडी सापडली नाही, तर जिच्या हातून ती गेली तिने गाव सोडावं," ते म्हणाले.

कोणीतरी म्हणायला हवं होतं की हा न्याय नाही. मंडपात दीडशे माणसं होती. सगळी चांगल्या कानांची, आणि त्या दिवशी सगळीच मुकी.

शोध सुरू झाला. पहिल्या दिवशी लोक वेशीबाहेर निघाले. तिथून एक वाट उजवीकडे माळावर चढते. तिथवर पोचले आणि भुरी डावीकडच्या कुंपणातून आली, वाटेवरून आडवी गेली आणि माळाच्या गवतात शिरली.

"दिशा बंद," नाना म्हणाले. लोक मागे फिरले, पाणी प्याले आणि ओढ्याकडे शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माळाकडे निघाले. पुन्हा भुरी. पुन्हा दिशा बंद. तिसऱ्या दिवशीही तेच. आत्या रोज त्या घोळक्यात होती, आणि तीही रोज मागे फिरली. तिचं घर जायची वेळ आली होती, तरी तिचे पाय त्या एवढ्याशा मांजरीपुढे अडले. सवय अशी असते.

विहिरीवर एका बाईने तिला टोमणा मारला, "काय आत्या, हाडाची घोडी देऊन खरीखुरी घोडी घेतलीस की काय? गावाबाहेर जायला बरी पडेल."

"घेतली असती तर तुला लगाम धरायला ठेवली असती," आत्या म्हणाली. पण घागर अर्धीच भरून ती घरी निघाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कसब्याहून एक शिपाई आला. त्याच्या एका हातात लगाम होता आणि खांद्यावर भिजवलेल्या हरभऱ्यांची पिशवी. त्याला निरोप मिळाला होता तो असा, की गावाची घोडी चोरीला गेली असून सगळं गाव रडतंय.

मंडपात बसून त्याने दौत उघडली. "रंग?"

"हस्तिदंतासारखा," लोक म्हणाले.

"वय?"

"दोनशे वर्षं तरी."

शिपायाने टाक खाली ठेवला. "दोनशे वर्षांची घोडी ज्याने नेली त्याला मी काय शिक्षा करू? त्याची तर मला दयाच येते."

मग त्याला घोडी म्हणजे काय ते समजावलं. तो स्वतःशीच खूप हसला, एकटाच, आणि हरभरे चावत बसला. थोड्या वेळाने नानांना म्हणाला, "नाना, घोटभर पाणी मिळेल का?"

"तीन दिवस झाले," नाना म्हणाले.

लोकांना वाटलं, दुःखाने नानांचं चित्त ठिकाणावर नाही. शिपायाने पाणी स्वतःच घेतलं. मग त्याने शोधाची हकीकत ऐकली, रोजची, सगळी, आणि त्याचं चावणं थांबलं.

"म्हणजे तीन दिवस एकच मांजर, एकाच जागी आडवी जाते?"

"हो."

"आणि तुम्ही मागे फिरता."

"रीत आहे."

"बरं. ती जाते कुठे?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. त्या गावात मांजर आडवी जाताना पाहिली नाही असा माणूस नव्हता. पण आडवी गेल्यावर ती पुढे कुठे जाते, हे पाहिलेला एकही माणूस नव्हता. तिकडे पाठ फिरवूनच सगळे मोठे झाले होते.

पाडव्याची सकाळ उजाडली. दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या, पण एकाही घरातून तारेचा आवाज आला नाही. आत्याने आपलं बोचकं बांधलं, कानस आणि दोरे कनवटीला खोचले आणि ती वेशीपाशी आली. सगळं गाव तिथे जमलं होतं. नाना सर्वांत पुढे उभे होते.

भुरी आली. डावीकडून उजवीकडे, शेपूट उंच करून, जणू रस्ता तिच्या बापाचा. घोळका जागच्या जागी थांबला. आत्याही थांबली.

"आत्या," शिपाई म्हणाला, "दिशा नक्की कोणाची बंद झाली? ती तर चालली."

आत्याने मांजरीकडे पाहिलं. गवत हलत होतं, आणखी थोड्या वेळात तेही थांबणार होतं. आत्याने बोचकं काखोटीला मारलं आणि वाटेवरची ती न दिसणारी रेघ ओलांडली. काही झालं नाही. आभाळ जिथे होतं तिथेच राहिलं. मग शिपाई गेला, मग विहिरीवरची ती बाई, आणि मग एकेक करून सगळं गाव. नाना सगळ्यांच्या मागून आले.

माळाच्या टोकावर भोपळ्यांचा मांडव होता. तंबोऱ्यासाठी कापून, पोखरून, तोंड वर ठेवून टांगलेले तीनशे भोपळे तिथे वाळत होते. वाळताना त्यांना हात लावायचा नसतो, म्हणून वारा पडलेल्या दिवशी ते टांगले की महिनोन् महिने तिकडे कोणी फिरकत नसे. आणि म्हणूनच गावाने आजवर हे कधी ऐकलं नव्हतं.

दरीतून वारा वर चढत होता. तो प्रत्येक भोपळ्याच्या उघड्या तोंडावरून जाई आणि प्रत्येक भोपळा आपापल्या पोटाएवढ्या आवाजात घुमे. लहान भोपळे बारीक, थोर भोपळे खोल. तीनशे आवाज, आणि छेडणारा हात एकही नाही. माणसं पायाखालचं गवत चुरचुरू नये म्हणून चवड्यांवर उभी राहिली. कोणी डोकीवरची पागोटी काढली. ज्यांनी जन्मभर तंबोरे घडवले ती ही माणसं. पण तार लावण्याआधीच भोपळा गात असतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

भुरी त्या आवाजाखालून चालत गेली. तिचे कान पुढे-मागे फिरत होते. मांडवाच्या मध्यावर एका मोठ्या भोपळ्याखाली ती बसली आणि वर पाहू लागली. गवत तिथे आधीच दबलेलं होतं. ती रोज तिथेच बसत होती.

वारा वाढला. भोपळा झुलला.

टक्.

पुन्हा झुलला. टक्. टक्.

दीडशे माना एकदम त्या भोपळ्याकडे वळल्या, पाखरांचा थवा एकदम वळतो तशा.

शिपाई परगावचा. त्या घुमण्यात त्याला ती टकटक काही वेगळी कळली नाही. म्हणून तो भोपळ्याकडे न बघता माणसांकडे बघत राहिला. त्याला दिसलं की एक मान वळलेली नाही. नाना मांजरीकडे बघत उभे होते. "इथे काय आहे? चला मागे, मुहूर्त टळतोय," ते म्हणत होते.

विहिरीवरच्या बाईने भोपळा उतरवला आणि आत्याच्या ओंजळीत उपडा केला. घोडी तिच्या हातात पडली. तिच्यावर एक चराही नव्हता.

"हिनेच लपवली असेल," मागून कोणीतरी पुटपुटलं.

आत्या घोडी उलटसुलट करून बघत होती. ती हळूच, जणू स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "ज्याला लपवायची आहे तो कापसात गुंडाळील, मातीत पुरील. पोकळ भोपळ्यात कोण टाकेल? तीन दिवस ती इथे हाका मारतेय. तंबोऱ्याच्या गावातल्या माणसाला एवढं कळू नये? ज्याला ऐकू येतं, तो तर कधीच..."

ती मध्येच थांबली. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं.

"काय म्हणाली ती?" नानांनी विचारलं.

ते शेजारच्या माणसाकडे वळले. "अरे, काय म्हणाली आत्या?" त्या माणसाने डोळे खाली घातले. नानांनी एकेक चेहरा पाहिला. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी जे पाहिलं ते त्याहून अवघड होतं: सगळ्यांना कळलं होतं.

तरीही कोणी आरोप केला नव्हता. त्यांना अजून वाट मोकळी होती. आत्याचं बोचकं बांधलेलं होतं, त्यांचा शब्द अजून गावाचा शब्द होता. एक वाक्य बोलले असते, तर दीडशेतल्या शंभरांनी ते मान्य केलं असतं, कारण मान्य करणं सोपं असतं.

भुरीने उतरवलेला भोपळा हुंगला. आत उंदीर नव्हता. तिने जांभई दिली आणि निघून गेली.

"मी टाकली," नाना म्हणाले. त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता, कारण तो केवढा आहे हे त्यांना कळत नव्हतं. "दोन वर्षं झाली. आधी बारीक तार ऐकू येईनाशी झाली, मग जाड. गेल्या पाडव्याला मी छेडणाऱ्याच्या बोटांकडे बघून मान हलवली. या वर्षी लोकांना कळलं असतं. वाटलं, थोरला वाजलाच नाही तर कोणी विचारणार नाही." ते आत्याकडे वळले. "तुझं नाव पुढे येईल असं मनात नव्हतं. पण आलं, आणि मी ते राहू दिलं. हे चोरीहून वाईट. शिक्षा मीच सांगितली आहे. मी गाव सोडतो."

ते खरंच वेशीच्या दिशेने चालू लागले. आत्याने त्यांचा हात धरला आणि मोठ्याने, अगदी कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "नाना, ती शिक्षा काल चूक होती, आज बरोबर कशी होईल? आधी मंडपात चला. मला काम आहे."

मंडपात तिने घोडी बसवली, तारा चढवल्या, आवाज खुलावा म्हणून तारांखाली रेशमाचा दोरा सरकवला. मग तिने थोरल्या तंबोऱ्याची तार छेडली. लोक श्वास रोखून उभे होते. नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. तो आवाज त्यांच्यापर्यंत येत नव्हता, म्हणून त्यांनी तो बघायचंही टाळलं.

आत्याने त्यांना ओढून जवळ बसवलं आणि त्यांचं कपाळ भोपळ्यावर टेकवलं. "हलू नका," ती म्हणाली आणि पुन्हा छेडलं.

नानांच्या पाठीचा कणा ताठ झाला. त्यांनी दोन्ही हातांनी भोपळा कवटाळला. ते बराच वेळ तसेच होते, आणि आत्या छेडत राहिली. ज्याला दोन वर्षं दार बंद होतं तो नाद कानांना वळसा घालून, कपाळाच्या हाडातून त्यांच्या आत उतरत होता.

"हा गेला नव्हता," ते म्हणाले. या वेळी आवाज अगदी हळू होता. "मलाच वाटत होतं की गेला."

त्या दिवसापासून गावकान हे पद राहिलं नाही. तंबोरा जुळला का, ते सगळे मिळून ऐकू लागले. नाना शेवटपर्यंत आत्याच्या शेजारी बसून कानस चालवत, आणि घोडी नीट झाली की कपाळ टेकवून तपासत.

तात्पर्य: आपली उणीव लपवायला गेलं की तिचा भार कोणा निर्दोष माणसाच्या माथी जातो, आणि ती बोलून दाखवली की सावरायला हात पुढे येतात. म्हणून भीती जिथून आपल्याला मागे फिरवते, तिथे एकदा तरी पुढे जाऊन पाहावं.