गंध लावलेली पट्टी

साप्ताहिकाचे मालक अप्पासाहेब घारगे यांनी खंडेनवमीला संगणकासाठी मेमरीची नवी पट्टी आणली. तिची साग्रसंगीत पूजा केली, जोडणीच्या सोनेरी कडेला ओलं गंध लावलं आणि जुन्या पट्टीशेजारी ती स्वतःच्या हाताने बसवली. तेव्हापासून संगणक सुरू होताहोताच मान टाकू लागला. उद्याचा अख्खा दसरा अंक त्यात अडकलेला.

ऑपरेटर सुनंदा कुंभोजकरने विचारलं, "नवी पट्टी काढून बघू का, साहेब?"

"पूजा झालेल्या वस्तूला हात लावायचा नाही," अप्पासाहेब गरजले. "दोष तुमच्या जुन्या पट्टीचा. अंक चुकला तर उद्यापासून येऊ नका."

सुनंदाने जुनी पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि बटण अप्पासाहेबांनाच दाबायला सांगितलं. पडदा काळाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं, तरी काळाच.

"दोष होता तो बाहेर काढलाय, साहेब," ती हळूच म्हणाली. "आत राहिली ती फक्त पूजा झालेली. मग आता अडतंय कुणामुळे?"

अप्पासाहेबांनी नवी पट्टी काढून कडेवर वाळलेलं गंध पाहिलं. मग तिच्या टेबलावरचं खोडरबर स्वतःच उचलत पुटपुटले, "गंध पुसलेलं देवाला चालतं ना हो?"