देव्हाऱ्यातलं छिन

फार जुन्या काळी चीनमधल्या एका गावात शेन नावाचे वैद्य होते. शरीर दुखत असलं की ते काढ्याचं मडकं चुलीवर चढवत. माणूस दुःखाने झिजत असला की छिन नावाचं सात रेशमी तारांचं वाद्य मांडीवर घेत.

वैद्य वारले. त्यांचा मुलगा बो याने छिन पूर्वजांच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. "बाबांचा हात लागलाय याला. कुणी शिवायचं नाही!"

लोक येऊन उदबत्त्या लावू लागले. धुराने तारा सुकल्या, एकेक करून तुटू लागल्या.

"अरे मडक्या, कुणाला तरी मला वाजवायला सांग की," छिन शेजारच्या चुलीवरल्या काढ्याच्या मडक्याला म्हणालं.

"तू आता देव झालंस," मडकं म्हणालं. "माझं बरं आहे. मला अजून चटके बसतात."

पोटचा मुलगा गेल्यापासून गावातल्या मेइलानच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती देव्हाऱ्यापुढे येऊन बसली आणि तेवढ्यात छिनची शेवटची तार तुटली. तो सूर खोलीभर घुमला. मेइलानला बसल्या जागी झोप लागली.

बो गहिवरला. "पाहिलंत? पूजेचा गुण!"

दुसऱ्या दिवशी मेइलान पुन्हा आली. नुसत्या लाकडापुढे हात जोडून, टक्क उघड्या डोळ्यांनी बसून राहिली.