लाव्हा जिथं थांबला

"मग तो माझ्या बाजूनं गेलाच कसा?"

एविंदनं हे विचारलं तेव्हा म्हातारा तोर्फी गोलच्या जाळीला पडलेलं भोक मासेमारीच्या दोऱ्यानं बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कोण?"

"तो पोरगा. धड मिसरूडही फुटलेलं नाही. चेंडू घेऊन एकदा गेला, मी म्हटलं नशीब. मग पुन्हा गेला. मग जातच राहिला."

तोर्फीनं गाठ मारली. उरलेला दोरा दातानं तोडला.

"चांगला खेळतो म्हणायचा."

एविंदच्या कपाळाची शीर ताठ झाली. हे ऐकायला तो समुद्र ओलांडून आला नव्हता.

आइसलँडच्या किनाऱ्यापासून होडीच्या अंतरावरचं ते एक लहानसं बेट. तोर्फी तिथल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा, तेही गवतावर नव्हे, काळ्या खडीवर. पडलं की गुडघा सोलून निघायचा. म्हणून तिथली पोरं सहसा पडत नसत. एविंद तर कधीच पडला नाही. समोरचा कितीही हुलकावण्या देवो, हा आपला पायांवर उभा. त्या देशात थोरामोठ्यांनाही नावानंच हाक मारतात. पण एविंदच्या तोंडी 'तोर्फी' हे नाव 'गुरुजी' म्हटल्यासारखंच यायचं.

मिसरूड फुटायच्या वयात तो बेट सोडून गेला. आधी नॉर्वेत, एका मासळीच्या दुकानावरच्या खोलीत राहून खेळला. मग बेल्जियममध्ये, जिथं तो पहिला हिवाळा नुसता बाकावर बसून होता. शेवटी इटलीच्या दक्षिणेतल्या एका बंदराच्या शहरात. प्रत्येक देशात भाषेतले पहिले शब्द तो तेच शिकला: 'मागं बघ', 'सोडू नको', 'माझा'. तेवढ्यावर त्याचं भागलं. त्या बंदरातली माणसं त्याला 'बर्फाची भिंत' म्हणायची. पोरांनी गल्लीतल्या भिंतींवर त्याचा चेहरा रंगवला होता. एवढे नावाजलेले आघाडीपटू आले, त्याच्यापाशी येऊन अडले आणि मान खाली घालून परत गेले.

आणि मग तो पोरगा आला.

सामन्यानंतर प्रशिक्षकानं सगळं चित्रण पुन्हा लावून पाहिलं. म्हणाला, "तुझं काही चुकलेलं नाही." एविंदला तेच जास्त लागलं. चूक असती तर सुधारता आली असती.

त्या दिवसापासून मैदानात पाऊल टाकलं की त्याचे पाय जड व्हायचे. क्लबनं शेवटी निरोप धाडला: नव्या हंगामाला येणार की थांबणार, या आठवड्यात कळव.

"आजवर पुष्कळांना अडवलंस," तोर्फी म्हणाला. "ते कसे थांबले?"

"थांबले नाहीत. मी थांबवले."

तोर्फीनं आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"असं..."

मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला. "चल."

मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलमागं लाव्ह्याची भिंत होती. काळी, खडबडीत, घराहून उंच. ज्या वर्षी डोंगर फुटला, त्या वर्षी लाव्हा अर्धं गाव गिळत इथवर आला आणि इथं थांबला. बेटावरचं शेंबडं पोरही सांगायचं: तोर्फीनं डोंगर थांबवला. एविंदनं लहानपणी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की पुढं जाऊन आपण अडवणाराच व्हायचं, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं. पण खुद्द तोर्फीला त्याबद्दल विचारायची त्याला कधी छाती झाली नव्हती.

"मी तेव्हा तुझ्याहून लहान होतो," तोर्फी आपणहूनच बोलू लागला. "बायकापोरं होड्यांतून निघून गेली. आम्ही थोडे जण मागं राहिलो. होड्यांवरचे पंप उतरवले आणि समुद्राचं पाणी त्याच्यावर मारत बसलो."

"वेगानं येत होता?"

"छे. गाय गोठ्याकडे येते तसा. घर आलं की घर घ्यायचा, कुंपण आलं की कुंपण. घाई नाही, राग नाही..."

"मग?"

"माझा पंप बंद पडला."

"मग तरी पळायचं!"

"पळायलाच हवं होतं."

"का नाही पळालात?"

"मागं गाव होतं."

वारा भिंतीवर आपटून दोघांच्या तोंडावर परत येत होता.

"आणि तुम्ही त्याला थांबवलंत," एविंद हळूच म्हणाला.

तोर्फीनं गुराच्या पाठीवर मारावी तशी त्या भिंतीवर थाप मारली.

"तो थांबला. मी समोर उभा होतो."

"पण लोक म्हणतात..."

"लोक होड्यांत होते."

"मग थांबला कशानं?"

"नंतर शिकलेली माणसं आली. कुणी म्हणालं, पाण्यानं. कुणी म्हणालं, डोंगराच्या पोटातलंच संपलं. पाद्री म्हणाले, प्रार्थनेनं."

"तुम्हाला काय वाटतं?"

तोर्फीनं दोन दगडांमधली एक भेग दाखवली.

"हात घाल."

एविंदनं हात घातला आणि चटकन मागं घेतला. मग पुन्हा घातला, कोपरापर्यंत. आत ऊब होती. झोपलेल्या जनावराच्या कुशीत असते तशी. बाहेर समुद्रावरचा गार वारा, आणि आत... इतक्या वर्षांनी...

"अजून?"

"अजून."

एविंदनं मान वर करून पाहिलं. लहानपणी याच भिंतीवर चेंडू मारून त्यानं सराव केला होता. आज पहिल्यांदा त्याला ती दिसली. ही लाल होती, हलत होती, पुढं पुढं येत होती, आणि हिच्यासमोर हातात रिकामी नळी घेऊन एक माणूस उभा होता... त्याच्या अंगावर काटा आला. नकळत तो एक पाऊल मागं सरला.

"आता तिकडं बघ," तोर्फी म्हणाला.

मैदानाच्या कडेनं ती भिंत पूर्वेला वळली होती. वळून थेट समुद्रात उतरली होती.

"तिथं एक गल्ली होती. आमचं घर होतं. तिथं ग्रीमुर उभा होता. माझा थोरला भाऊ."

हे नाव एविंदनं कधी ऐकलं नव्हतं.

"तोही नाही पळाला?"

"नाही. माझा पंप बंद पडला, त्याचा चालू होता. शेवटपर्यंत."

"मग?"

"लाव्हा त्याच्या बाजूनं गेला."

"त्याचं काय चुकलं?"

"काही नाही."

प्रशिक्षक हेच म्हणाला होता. तेव्हा ते शब्द दगडासारखे लागले होते.

"मग... त्यानं काय केलं?"

"मागं सरला. नळी हातातच. पाणी मारतोय आणि मागं सरतोय, असं करत धक्क्यापर्यंत गेला. आमचं घर त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. पाय समुद्रात गेले तेव्हा होडीत चढला." तोर्फीनं नाक पुसलं. "होडी वळवून इकडं आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला."

"काही बोलला?"

"विचारलं, प्यायला पाणी आहे का."

एविंद तिथंच खडीवर बसला. परक्या देशांतल्या एवढ्या मैदानांत जो कधी पडला नाही, तो आज आपल्या गावच्या मैदानात आपणहून खाली बसला. डोळे भरून आले तरी त्यानं ते पुसले नाहीत. तोर्फीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. खिशातून दोऱ्याचा गुंडा काढून तो जाळीचं दुसरं भोक शोधायला गेला.

संध्याकाळी एविंदनं क्लबला फोन केला. येतो म्हणाला.

सकाळी तोर्फी धक्क्यावर सोडायला आला. होडीचं इंजिन सुरू झालं होतं.

"हंगामाच्या सुरुवातीलाच तो पोरगा समोर येणार आहे," एविंद म्हणाला.

"येऊ दे."

एविंद होडीत चढला. मग कठड्याला धरून पुन्हा वळला.

"तोर्फी, गावात सगळे तुमचंच नाव घेतात. तुमच्या भावाचं कुणीच कसं घेत नाही?"

म्हाताऱ्यानं धक्क्याला बांधलेला दोर सोडून होडीत टाकला.

"मी उभं राहायला कुणाकडून शिकलो, हे आजवर कुणी विचारलंच नाही."