शनिवारचं लिंबू आणि ब्रेकची तार

स्कूटर आधी तिरकी करून मग किक मारावी लागे, त्या काळची ही गोष्ट. भार्गवराव टिकेकर आपल्या स्कूटरच्या हँडलला दर शनिवारी ताजं लिंबू आणि मिरच्या बांधत. तेल, हवा आणि ब्रेक यांना असा ठरलेला वार नव्हता.

एका शनिवारी नव्या लिंबाला शेजारच्या काळ्या नळीतून बारीक आवाज आला. "आम्ही सात पदर होतो. आता दोन उरलो आहोत."

"कोण बोलतंय?" लिंबू दचकलं.

"ब्रेकची तार. मागच्या लिंबालाही सांगितलं होतं. तेव्हा आम्ही तीन होतो."

"माझं काम नजर उतरवण्याचं. तार माझ्या खात्यात येत नाही."

नळीत टण् असा आवाज झाला. "आता मी एकटाच," उरलेला पदर म्हणाला.

टिकेकरवहिनी दारातून म्हणाल्या, "अहो, ब्रेक दाबला की कसलासा आवाज येतो. मिस्त्रींना दाखवा ना."

"अगं, वय झालं की सगळेच कुरकुरतात. आणि आजच ताजं लिंबू बांधलंय."

टेकडीच्या उतारावर भार्गवरावांनी ब्रेक दाबला. पुन्हा एकदा टण् झालं आणि नळी अगदी शांत झाली. स्कूटर थेट भिंतीवर आदळली. भार्गवरावांचा पाय मोडला. लिंबाला ओरखडाही आला नाही.

"कुणाची तरी जबर नजर लागली," ते महिनाभर पलंगावरून सांगत होते. मिस्त्रींनी नवी तार घातली. भार्गवराव पुढच्या शनिवारपासून दोन लिंबं बांधू लागले.

दोन वर्षांनी काळ्या नळीतून तसाच बारीक आवाज आला. "आम्ही सात पदर होतो. आता सहा उरलो आहोत."

"हे तुझ्या खात्यात येतं का रे?" एका लिंबाने दुसऱ्याला विचारलं.