थोरल्या भोपळ्याचं बी

एका राज्यात राजा तराजूत बसून राज्य करीत असे. दरबाराच्या मधोमध भला थोरला तराजू टांगलेला. त्याच्या एका पारड्यात राजा वृषकेतू, दुसरे पारडे रिकामे. राजाचे पारडे जमिनीला टेकलेले, रिकामे छताला भिडलेले. न्यायनिवाडा तिथेच, जेवण तिथेच, झोपही तिथेच. राजाला उठता येत नसे, कारण तो हळूहळू दगड होत चालला होता.

झाले होते असे. कालजिव्ह नावाचा मांत्रिक एकदा स्वतः पिकवलेला भोपळा बैलगाडीवर घालून दरबारात आला. एवढा वजनदार भोपळा कुणी पाहिला नव्हता. राजा तेव्हा तरुण, जिभेला हाड नाही. म्हणाला, “लोक राजाला मोती आणतात, हत्ती आणतात. तू भाजी आणलीस. ने मुदपाकखान्यात.” दरबार हसला. मांत्रिक हसला नाही. म्हणाला, “बस तराजूत. तुझ्या मातीत पिकलेला भोपळा तुझं पारडं उचलील, तेव्हाच उठशील. तोवर बोटाबोटाने दगड हो.” एवढे बोलून तो नाहीसा झाला. भोपळा तेवढा मागे राहिला.

तेव्हापासून दर शरदात भोपळतुला भरू लागली. राज्यातले भोपळे यायचे, पारड्यात बसायचे, आणि राजा तसूभर हलायचा नाही. आधी पावले दगड झाली, मग गुडघे, मग कंबर. दगड चढेल तसा राजा जड, आणि भोपळे मात्र सालोसाल लहान. सगळे म्हणत, शापच तसा. एकटी राजकन्या उल्का म्हणत नसे. ती गुरुगृही शिकून परतली तेव्हा दगड बापाच्या गळ्यापर्यंत आला होता. येत्या तुलेला बाप उठला नाही, तर पुन्हा कधीच उठणार नव्हता.

पोटापर्यंत दाढी रुळणाऱ्या प्रधान शीलभद्रांना तिने विचारले, “प्रधानजी, यंदा बी कुठलं धरलंय?”

“रीतीचं, राजकन्ये. थोरलं देवीला, मधलं थाळीला, धाकटं मातीला. थोरल्या फळाला सुरी लावायची नाही, ते अख्खं देवीच्या गुहेत जातं. मधल्याची पंगत होते. धाकट्याचं बी पेरायचं.”

“म्हणजे दरसाल सगळ्यात खुरटं फळ हुडकून आपण त्याचंच बी पेरतो.”

“खुरटं नव्हे. धाकटं.”

“घोड्यांची पैदासही अशीच करता? लंगडा तेवढा ठेवून?”

राजपुरोहित मध्ये पडले. “पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासूनची रीत आहे ही.”

“आणि तेव्हापासूनच माझे वडील दगड होताहेत.”

पारड्यातून खोकल्यासारखे हसू आले. राजाची मान दगडाची होती, पण ओठ अजून ओठ होते. “प्रधानजी, हिला द्यायला उत्तर असेल तर द्या. नसेल तर घोडा द्या. लंगडा नको.”

उल्का पारड्यापाशी वाकली. “येते, आबा. परतताना काही आणू?”

“घारगे खावेसे वाटतात. दात दगडाचे व्हायच्या आत बघ.”

देवीची गुहा डोंगराच्या पोटात होती. आत शिरलेले फळ कुजत नसे, त्याच्या सालीचे सोने होई. म्हणून गुहा म्हणजे खजिना, आणि खजिन्यातले काही नेणारा उंबऱ्यावरच दगड होई. दारात वडाच्या ढोलीत एक धनेश पक्षी राखण करीत बसलेला. चोच पिवळी, डोळे म्हाताऱ्या माणसाचे.

“काय हवं?” धनेशने विचारले.

“थोरल्या भोपळ्याचं बी.”

“तीन गोष्टी निवडाव्या लागतील. पहिली, फळ. थोरलं कोणतं ते एकदाच बोट दाखवून सांग.”

गुहेत सोनेरी भोपळ्यांची आरास लागली होती. दाराशीच एक हत्तीएवढा उभा होता. उल्काने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेका भोपळ्याच्या बुडाशी पाहत फिरली. हत्तीएवढ्याखालची जमीन सपाट होती. कोपऱ्यात एक बसका, वेडावाकडा भोपळा होता. त्याच्याखाली खडक वीतभर खचला होता.

“हे. तो दारातला नुसता फुगलाय, आत वारा आहे. याच्या आत गर आहे.”

धनेशने चोच टेकवली आणि भोपळा मधोमध उकलला. बियांचा ढीग लागला.

“दुसरी, बी. एकच घ्यायचं.”

गुहेत झरा होता. उल्काने सगळे बी त्यात ओतले. तरंगले ते जाऊ दिले, बुडाले ते वर काढले. एक बी शिंपल्यासारखे पांढरेशुभ्र आणि सगळ्यांत मोठे होते, पण अंगठ्याने दाबताच त्याचे पोट दबले. तिने ते टाकले. शेवटी तळाशी रुतलेले एक मळकट बी तिने उचलले. जाड, कडा शाबूत, पोट टणक.

“त्याला रूप नाही,” धनेश म्हणाला.

“मला पेरायचंय. नथीत नाही घालायचं.”

“मग तिसरी निवड. खजिना नेणारा दगड होतो, हे ठाऊक असेलच. बी ठेवतेस, की नेतेस?”

उल्काने मूठ मिटली. “जे राखून ठेवायचं तो खजिना. हे मी राखणार नाही. पेरीन, आणि फळ आलं की त्याचं बी दारोदार वाटीन. स्वतःला एकही ठेवणार नाही.”

“फळाला सुरी लावशील?” धनेशचा आवाज कापरा झाला होता. “रीत आडवी आली तर?”

“तिलाही लावीन.”

तिने उंबरा ओलांडला. डाव्या करंगळीचे नख दगडाचे झाले आणि दगड तेवढ्यावर थांबला.

तिने घरी येताच बी लावले. पुरोहित पंचांग घेऊन धावत आले. “मुहूर्त?”

“कळा सुरू झाल्यावर सुईण पंचांग उघडत नाही, गुरुजी. पाणी घाला.”

वेल चढला. तटावर गेला, तटावरून हत्तीखान्यावर गेला. त्याला फळेच फळे लागली. सगळे राज्य पाहायला लोटले. उल्काने विळा घेतला, एक फळ ठेवले आणि बाकीची खुडली. पुरोहितांनी डोळ्यांवर उपरणे ओढले. प्रधान म्हणाले, “भरल्या वेलाला हात लावू नये, राजकन्ये. आमच्या आज्या सांगत.”

“आज्यांनी भाजीसाठी वेल लावला होता. मी तराजूसाठी लावलाय.”

फळ वाढत राहिले. पण दगडही वाढत राहिला. तुलेच्या दिवशी राजाचे ओठ मिटलेले होते. डोळे तेवढे हलत. उल्काने डब्यात घारगे आणले होते. ते तिने पारड्यापाशी ठेवले आणि झाकण घट्ट लावले, गार व्हायला नकोत म्हणून.

भोपळा ओंडक्यांवरून ढकलत आणला. दोर लावून रिकामे पारडे खाली ओढले, भोपळा त्यात बसवला, दोर सोडले. तराजूची दांडी करकरली. राजाचे पारडे हलले नाही. प्रधानांनी सुस्कारा सोडला. उल्काचा हात झाकणावर तसाच राहिला. ‘आत वारा तर नसेल?’ तिच्या मनात आले, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा तिला कुणाला तरी विचारावेसे वाटले.

तेवढ्यात घारग्यांच्या वासाने आलेली एक मुंगी राजाच्या पारड्याच्या या बाजूने खाली शिरली. सगळा दरबार पाहत होता. मुंगी त्या बाजूने बाहेर पडली.

मग पारडे वीतभर उचलले गेले, मग हातभर. राजाच्या अंगावरून दगडाची सालपटे गळाली. त्याने पाय खाली सोडला आणि कण्हला. “पायाला मुंग्या आल्यात.”

हसण्यारडण्याचा एकच कल्लोळ झाला. तो ओसरताच प्रधान पुढे आले. “देवी पावली. आता थोरलं देवीला.”

“सुरी आणा,” उल्का म्हणाली.

“राजकन्ये, एवढं फळ... बरं, कापा. पण बी तरी खजिन्यात ठेवू. एक मूठ. अडीअडचणीला.”

उल्काच्या करंगळीत थंडी शिरली. दगड नखावरून पेरावर आला. “एकही नाही,” ती म्हणाली, आणि सुरी तिने बापाच्या हातात दिली. राजाने भोपळा स्वतः कापला. ओंजळी भरभरून बी वाटले गेले. कुणब्यांना, माळ्यांना, सरतेशेवटी प्रधानांनाही. शेवटचे बी तिच्या हातून सुटले तेव्हा करंगळी पुन्हा मऊ झाली.

रिकाम्या पारड्यावर पंख फडफडले. धनेश आला, बसला, आणि त्याचा म्हातारा माणूस झाला. राजाने त्याला ओळखले.

“कालजिव्ह.”

“मीच. गुहेतला तो बसका भोपळा माझाच होता. माझ्या फळाला कुणी सुरी लावली नाही, माझं बी कुणी पेरलं नाही. दोन्ही होईतो मला त्याची राखण करणं भाग होतं. माझा शाप मलाही बसला, राजा.”

राजाने हात जोडले. “मी त्याला भाजी म्हणालो. चुकलो.”

“भाजीच होती ती,” मांत्रिक म्हणाला. “बी काढून घ्यायचं आणि मग चिरायची, एवढंच तुला कुणी शिकवलं नव्हतं.”

उल्काने डब्याचे झाकण काढले. घारगे अजून कोमट होते. राजाने पहिला घारगा मांत्रिकाला दिला, दुसरा लेकीला, आणि तिसऱ्याला मात्र कुणाला हात लावू दिला नाही.

पुढल्या साली त्या राज्यात अंगण तिथे वेल झाला, तराजू बाजारात धान्य मोजू लागला, आणि रीत पोरींच्या तोंडी नवी झाली: थोरलं मातीला, मग उरलं थाळीला, आणि देवीला विचारून बघा, तिलाही घारगेच आवडतात.

भोपळा चिरला, बी उरलं. कहाणी सरली, पेरणं उरलं.