पाचवा महिना

“पाचवा कुठं गेला?”

द्वारकाक्कांनी एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, मान वर केली नाही. मांडीवरच्या परडीत तुळशीच्या मंजिऱ्या खुडणं चालूच होतं.

हेमांगीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

“काय म्हणालात, अक्का?”

“पाचवा महिना गं. कुठं गेला?”

सभामंडपात वाती वळत बसलेल्या बायकांचे हात थांबले.

गोकुळाष्टमीची दुपार होती. नदीकाठच्या मुरलीधराच्या त्या मठात एक जुनी रीत. देवाच्या जन्माआधी एक सुवासीण देवकीचं सोंग घेते. गाभाऱ्यासमोर उभी राहून नऊ महिने एकामागून एक जगून दाखवते. नववा सरला की देव जन्मतो आणि पाळण्याची पहिली दोरी तिच्या हातात देतात. पहिली दोरी ओढणारीची ओटी वर्षाच्या आत भरते, असं सारं गाव मानायचं. गेल्या वर्षी सिंधूनं सोंग घेतलं होतं. यंदा तीच सिंधू खांबाला टेकून लेकाला थोपटत बसली होती.

मठाच्या अधिकारी द्वारकाक्का. वय ऐंशीच्या घरात, बोलणं मोजकं. दुपारी सोंग त्यांच्यासमोर एकदा करून दाखवायचं, त्या “बरं” म्हणाल्या की दोरी ठरली. कधी कुणाला त्यांनी अडवल्याचं ऐकिवात नव्हतं.

आणि हेमांगीला ती दोरी हवी होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सोळा सोमवार झाले, प्रदोष झाले. यंदा श्रावण लागल्यापासून एकभुक्त राहून तिनं मुरलीधराला साकडं घातलं होतं. पण नुसत्या उपासावर विसंबणारी ती नव्हती. हे सोंग आजवर कुणी घेतलं नसेल असं घ्यायचं, या ईर्ष्येनं तिनं ते स्वतः लिहून काढलं होतं.

“आजवरच्या सगळ्यांनी पोटाला उशी बांधली,” ती सकाळी म्हणाली होती. “मी नाही बांधणार. न बांधता पोट दिसलं पाहिजे.”

“दिसू दे बाई,” भागीरथीकाकू म्हणाल्या होत्या. “आमची मेली उशी तिसऱ्या महिन्यातच गुडघ्यावर उतरायची. देवकीपेक्षा कंसच आधी हसायचा.”

भागीरथीकाकू म्हणजे मठाच्या मुदपाकखान्याच्या सर्वेसर्वा. तोंड सुटलेलं, मन लोण्याचं.

आणि खरंच, दिसलं होतं. हेमांगीनं पहिल्या महिन्याची देवकी केली ती नुसती दारात थबकलेली. काहीतरी निराळं आहे, पण काय ते तिचं तिलाच कळत नाही. दुसऱ्यात फोडणीच्या वासानं पदर नाकाला गेला. तिसऱ्यात चुलीच्या कडेची भाजकी माती नखानं खरवडून चोरून जिभेवर ठेवली, तेव्हा तीन बायकांच्या तोंडाला पाणी सुटलं. चौथ्यात निऱ्या खोचताना बोटं अडली. तिथंच ती कुणाला न सांगता हसली... सातव्यात डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या मनगटाला काचल्या. आठव्यात तिनं पायरी चढून दाखवली. खाली न बघता, पाय पुढं चाचपत; कारण आपलं पाऊल गर्भारशीला दिसतच नाही. नवव्यात ती कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि नुसती ऐकत राहिली. बाहेरचं नाही, आतलं.

भागीरथीकाकूंनी डोळ्याला पदर लावला होता. “अगदी पुढ्यात उभी केलीस गं! मला माझी चारही पोटं आठवली.”

हेमांगीनं मान खाली घातली होती, पण मनात तिला ठाऊक होतं. दोरी आपली. आता अक्का “बरं” म्हणायच्या तेवढ्या राहिल्या.

आणि अक्कांनी विचारलं होतं, पाचवा कुठं गेला?

“केला की पाचवा,” हेमांगी म्हणाली. “सगळे केले. नऊच्या नऊ.”

“चौथ्यात हसलीस. पुढं?”

“पुढं... कुशीवर वळताना पोटाला हाताचा आधार दिला. जड झालेलं. ते...”

“ते सहाव्याचं.”

“मग त्याच्या आधी...”

हेमांगीनं तोंड उघडलं. बोटं दुमडत मनातल्या मनात पुन्हा सगळं केलं. दार. फोडणी. माती. निऱ्या. कूस.



पाचवा नव्हता.

तिनं तो गाळला नव्हता. महिनाभर ती हे लिहीत होती. रोज आरशासमोर करत होती. वहिनीला विचारलं होतं, शेजारणींना विचारलं होतं, दवाखान्याच्या बाकावर बसून पोटुश्या बायकांची उठबस न्याहाळली होती. महिनाभर तिनं चौथ्यावरून थेट सहाव्यावर पाऊल टाकलं होतं आणि मधली पायरी नाही, हे तिला एकदाही कळलं नव्हतं.

“विसरली असेल,” भागीरथीकाकू म्हणाल्या. “एवढं पाठ करायचं म्हणजे! अगं, पाचव्यात काय असतं? पोर हलतं. मासोळी फिरल्यागत होतं पोटात. घाल तेवढं मधे, झालं.”

“हो,” हेमांगी म्हणाली. “घालते.”

“आत्ता घाल,” अक्का म्हणाल्या.

“आत्ता?”

“आठ महिन्यांची देवकी मुरलीधराला कशी चालेल? अपुऱ्या दिवसांचं बाळ व्हायचं.” एक मंजिरी परडीत पडली. “कर. बघू.”

हेमांगी पुन्हा गाभाऱ्यासमोर आली. समोर शिसवी पाळणा टांगलेला, झेंडूच्या माळा लावलेला. तिला वाटलं, एवढंसं तर आहे. पोटावर हात ठेवायचा, दचकायचं, हसायचं.

तिनं पोटावर हात ठेवला.

...

हात तिथंच राहिला.

“मासोळी,” काकूंनी हळूच आठवण केली.

“हललं,” हेमांगी म्हणाली. आवाज तिचा होता, पण सोंगातला नव्हता. “काल संध्याकाळी हललं. भाकरी थापत होते. पीठ तसंच हाताला... म्हटलं, पुन्हा हलू दे, मग सांगू ह्यांना.”

ती हसली. चौथ्यातलंच हसू. ते चेहऱ्यावर राहिलं आणि मागून डोळे मात्र बदलत गेले.

“सकाळी उठून वाट बघितली. आता हलेल. आंघोळ झाल्यावर हलेल. गूळ खाल्ला की हलतं म्हणे, गूळ खाल्ला...”

तळवा पोटावर दाबलेलाच. डोकं एका बाजूला कललेलं. ती ऐकत होती. नवव्यात ऐकत होती तशीच. पण आता सभामंडपातलीही प्रत्येक जण श्वास धरून ऐकत होती, आणि पलीकडून काही येत नव्हतं.

“दुपार झाली,” हेमांगी म्हणाली.

सिंधूनं मांडीवरचं पोर नकळत छातीशी घेतलं.

“मग खाली सांडायला लागलं.”

भागीरथीकाकूंच्या हातातली वाटी पडली. दुधात भिजवलेला कापूस फरशीवर पसरला.

“शिव शिव शिव! अगं काय बोलतेस? पाळण्यासमोर! अष्टमीच्या दिवशी असलं अभद्र?”

हेमांगी दचकली. हात पोटावरून झटक्यात निघाला. आपण कुठं आहोत, हे तिला तेव्हा कळलं. आपण काय बोललो, तेही तेव्हाच.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. नवऱ्याची बदली दूरच्या गावी, सोबतीला सासूबाई. कुणाला सांगू नकोस हो, त्या म्हणाल्या होत्या, पुढच्या खेपेला दृष्ट नको. तिनं नाही सांगितलं. पुढची खेप आलीच नाही. या गावात परतल्यावर बायका तिला “अजून काही नाही का गं?” विचारायच्या आणि ती “नाही” म्हणायची. म्हणता म्हणता ते “नाही” इतकं मुरलं की तिच्या स्वतःच्या कागदावरही उतरलं.

“म्हणजे... तुला दिवस होते?” काकूंनी विचारलं.

हेमांगीनं होकारार्थी मान हलवली.

“आणि बोलली नाहीस? मी दर संक्रांतीला तुला टोचते, अजून काही नाही का म्हणून... मला एका शब्दानं...”

हेमांगीला फक्त पाळणा दिसत होता. संपलं, तिला वाटलं. श्रावणातले सगळे उपास वाया गेले. आपल्याच तोंडानं आपण दोरी घालवली.

“अक्का, चुकलं माझं,” ती म्हणाली. “देवकीच्या सोंगात मी माझंच रडगाणं आणलं. दोरी दुसऱ्या कुणाला द्या. माझा हात नको लागायला.”



अक्कांनी परडी बाजूला ठेवली.

“भागीरथी, देवकीच्या सातव्या खेपेला काय झालं?”

काकू गोंधळल्या. “सातव्या... अहो, पुराणात सांगतात ते. सहा कंसानं मारले. सातवा...”

“लोक काय म्हणाले?”

“लोक म्हणाले...” काकू थांबल्या. ही कथा त्यांनी जन्मभर ऐकली होती. दरवर्षी, याच खांबाशी बसून. “लोक म्हणाले, देवकीचा गर्भ गळाला.”

“कितव्या महिन्यात?”

“ते कुठं सांगतात, अक्का?”

“नाही सांगत,” अक्का म्हणाल्या. “इतकी वर्षं मी हे सोंग बघते. आठव्या खेपेचं सगळ्याच करतात. सातव्या खेपेचं आज पहिल्यांदा बघितलं.”

काकूंनी फरशीवरचा कापूस गोळा करायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

“पण तो गेला नव्हता ना, अक्का,” हेमांगी म्हणाली. तिचा स्वर कठीण झाला होता. कथेनं समजूत घालून घ्यायची तिची तयारी नव्हती. “योगमायेनं त्याला रोहिणीच्या पोटी नेऊन ठेवला. तो बळिराम झाला. माझं तसं नाही. माझं खरंच गेलं. मी बघितलंय.”

“देवकीनंही बघितलं असेल.”

“तिला नंतर कळलं तरी!”

“नंतर,” अक्का म्हणाल्या. “त्या दुपारी नाही.”

...

सात वर्षांत कुणी ती दुपार दुपार म्हणून उच्चारली नव्हती.

द्वारकाक्का गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. कुणी आधार द्यायला धावलं तर त्यांना आवडत नसे, म्हणून कुणी धावलं नाही. त्या सावकाश मुदपाकखान्याकडं गेल्या. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

“काय करताहेत?” सिंधू कुजबुजली.

“मला काय माहीत!” काकू म्हणाल्या. पण त्या हेमांगीच्या जवळ सरकल्या होत्या. “अगं, मी मेली अभद्र म्हणाले तुला. माझी जीभ झडली कशी नाही...”

“असू दे, काकू.”

“असू कसं दे? तू मला चार शिव्या तरी दे.”

“देते. संक्रांतीला.”

काकू रडता रडता हसल्या.

अक्का परत आल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं. पाट्यावरचा वरवंटा. स्वच्छ धुतलेला, खोबरेल लावलेला. अंगावरची पांढरी शाल काढून त्यांनी तो तिच्यात गुंडाळला होता. वर तोंडापुरता मोकळा, कडेनं घट्ट, लेकराला गुंडाळतात तसा.

बायकांना ओळखायला वेळ लागला नाही. घरोघरी बारशाला हेच करतात. पाळणा रिकामा हलवायचा नसतो. म्हणून बाळाच्या आधी गुंडाळलेला वरवंटा पाळण्यात जातो, मग बाळ. पण मठात ते रात्री व्हायचं. देव जन्मल्यावर.

अक्कांनी हेमांगीचा पदर पुढं ओढला, ओटी पसरायला लावली आणि वरवंटा तिच्यात ठेवला.

ओटी खाली ओढली गेली. हेमांगीनं दोन्ही हातांनी सावरली. वरवंटा जड होता, अजून गार होता. तिनं तो छातीशी घेतला. कुणी न सांगता तिचा एक हात त्याच्या डोक्याखाली गेला.

“ये,” अक्का म्हणाल्या.

त्या पाळण्याशी जाऊन उभ्या राहिल्या. झेंडूच्या माळेत गुंतलेली दोरी त्यांनी सोडवली आणि हेमांगीच्या दिशेनं धरली.

हेमांगी दोन पावलं गेली आणि थांबली.

“अक्का, पण...” तिनं गाभाऱ्याकडं पाहिलं. मुरलीधरासमोरचा पडदा अजून ओढलेला होता. “देव अजून जन्मला नाही.”

“देव धाकटा आहे,” द्वारकाक्का म्हणाल्या. “आधी थोरल्याला घाल.”